माओरींचे पहिले डॉक्टर : आपल्या माणसांना आपल्या भाषेत समजावताना

"समजलं ना?" असे डॉक्टरांनी विचारले की बहुतेक रुग्ण मान डोलावतात. मग दवाखान्याबाहेर येऊन औषधाच्या दुकानदाराला विचारतात, "ही गोळी नेमकी कशासाठी दिलीय हो?" तुम्हीही हे कधीतरी केले असेल. यात रुग्णाची चूक नसते. सल्ला योग्य असूनही तो परक्या भाषेत आणि वरच्या पट्टीत दिला गेला, तर तो घरापर्यंत पोहोचतच नाही.

हाच सल्ला आपल्यातल्या माणसाने आपल्या भाषेत, ओट्यावर बसून दिला तर काय फरक पडतो, याचे एक मोठे उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या मूळच्या माओरी समाजातून सव्वाशे वर्षांपूर्वी पहिले डॉक्टर तयार झाले, त्यांची ही माहिती. त्यांनी ज्या आजारांशी झुंज दिली त्यांतले बरेचसे आजही आपल्या घरात येतात, म्हणून ती तुमच्याही उपयोगाची आहे.

लोकसंख्या निम्म्यावर का आली?

१८४० मध्ये माओरी सरदार आणि ब्रिटिश सरकार यांच्यात वैतांगी येथे करार झाला. त्या वेळी माओरींची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. १८९६ च्या जनगणनेत ती जेमतेम ४२ हजार भरली. हा समाज आता संपणार, आपण फक्त त्याचा शेवट सुखाचा करायचा, असे गोऱ्या वसाहतीतील शिकलेली माणसे उघडपणे म्हणत.

याचे एक कारण वैद्यकीय होते. गोवर, इन्फ्लुएन्झा, डांग्या खोकला, क्षय हे आजार युरोपीय जहाजांबरोबर तिथे आले. ज्या समाजात एखादा जंतू पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतो, तिथे बहुतेकांना लहानपणीच तो आजार होऊन जातो आणि वाचलेल्यांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. पूर्णपणे नवा जंतू आला की गावात लहान-थोर सगळे एकाच वेळी आजारी पडतात. पाणी द्यायला, चूल पेटवायलाही कोणी उठून उभे राहू शकत नाही. कित्येक मृत्यू आजारापेक्षा या अवस्थेमुळे होतात.

मात्र केवळ "त्यांच्यात प्रतिकारशक्ती नव्हती" असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. याच काळात युद्धे झाली आणि सरकारने लाखो एकर जमीन जप्त केली. टेकड्यांवरच्या कोरड्या, तटबंदीच्या वस्त्या सोडून लोक नदीकाठी, दलदलीजवळ झोपड्या बांधून राहू लागले. पोटाला कमी, अंगावर ओले कपडे आणि एका खोलीत दहा माणसे असली की क्षयाला आणखी काही लागत नाही.

लॅटिन शिकवणारी शाळा

उत्तर बेटावरील हॉक्स बे भागात ते आउटे नावाची माओरी मुलांची निवासी शाळा आहे. १८७८ मध्ये जॉन थॉर्नटन तिथे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी ठरवले की आपली मुले विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसतील. त्या काळी वैद्यकीय शिक्षणाला जायचे तर लॅटिन आवश्यक असे. थॉर्नटन यांनी लॅटिन, भूमिती, बीजगणित सगळे शिकवले. शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांना हे खटकत होते. माओरी मुलांना शेती आणि हातकाम शिकवावे, एवढे त्यांना पुरे, असे त्यांचे मत होते. १९०६ मध्ये या शाळेबाबत चौकशी आयोग बसला तेव्हा त्यानेही शेतीशिक्षणाचाच आग्रह धरला. पण तोवर थॉर्नटन यांच्या वर्गातून काही मुले पुढे निघून गेली होती.

त्यांतला पहिला आपिराना न्गाटा. १८९३ मध्ये क्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजातून त्याने बीए केले. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारा तो पहिला माओरी होता. १८९६ मध्ये त्याने कायद्याचीही पदवी घेतली. पुढे खासदार आणि मंत्री झालेल्या न्गाटा यांचा चेहरा आज न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवर आहे. ते डॉक्टर नव्हते, पण गावपातळीवर आरोग्याचे काम ज्या यंत्रणेतून झाले तिच्यामागे त्यांचे कायद्याचे ज्ञान होते.

शाळेत असतानाच या मुलांनी एक धाडस केले होते. १८८९ च्या सुटीत माउई पोमारे, रेवेती कोहेरे आणि तिमुतिमु ताफाई हे तिघे विद्यार्थी गावोगाव पायी फिरले आणि घर, पाणी, दारू, स्वच्छता यांवर वडीलधाऱ्यांपुढे बोलले. कोवळ्या वयातली पोरे, आणि समोर गावातील ज्येष्ठ मंडळी! त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. "आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण?" हा प्रश्न आपल्या घरातही नव्याने शिकून आलेल्या मुलाला ऐकावा लागतोच.

माउई पोमारे

पोमारे तारानाकी प्रांतातले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सरकारी सैन्य पारिहाका या गावात घुसले. जमिनीच्या जप्तीविरुद्ध तिथल्या लोकांनी शस्त्र न उचलता प्रतिकार चालवला होता आणि त्या दिवशी लहान मुले सैन्याच्या वाटेवर गात-नाचत उभी राहिली. पाच-सहा वर्षांचा माउई त्या मुलांत होता. एका घोड्याच्या टापेखाली त्याच्या पायाचे बोट गेले.

याच मुलाने पुढे अमेरिकेत जाऊन वैद्यकीचे शिक्षण घेतले. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचे वैद्यकीय महाविद्यालय होते. (कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचे केलॉग ते हेच घराणे. कंपनी मात्र त्यांच्या धाकट्या भावाची.) १८९९ मध्ये पोमारे पदवीधर झाले. ते पहिले माओरी डॉक्टर. १९०१ मध्ये सरकारने त्यांना माओरींसाठी आरोग्य अधिकारी नेमले. सगळ्या देशभर विखुरलेल्या वस्त्या आणि त्यांच्यासाठी एक डॉक्टर. घोड्यावरून, होडीतून, चिखल तुडवत ते फिरत.

जिन्याच्या वरची ती सूचना

दुसरे ते रांगी हिरोआ. इंग्रजी नाव पीटर बक. वडील आयरिश, आई माओरी. तेही तारानाकीतले आणि ते आउटेचेच विद्यार्थी. डनीडिन शहरातील ओटागो वैद्यकीय महाविद्यालयात ते दाखल झाले तेव्हाचा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीवर एक छापील सूचना लावलेली होती. माओरींच्या कवट्या, कटीची हाडे आणि संपूर्ण सांगाडे आणून देणाऱ्यास किती पैसे मिळतील, याचे दर तीवर होते. माओरी समाजात पूर्वजांची हाडे अत्यंत पवित्र मानली जातात. ती वाचून शिक्षण सोडून परत जावे असे त्यांना क्षणभर वाटले.

ते परत गेले नाहीत. १९०४ मध्ये ते डॉक्टर झाले. न्यूझीलंडमध्येच शिकून डॉक्टर झालेले ते पहिले माओरी. कॉलेजात असताना लांब उडीचे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनी दोनदा मिळवले. १९१० मध्ये त्यांनी एमडी पूर्ण केली आणि प्रबंधाचा विषय निवडला तो माओरींचे जुने आणि नवे वैद्यक. ज्या समाजाची हाडे त्या इमारतीत विकत घेतली जात होती, त्या समाजाच्या ज्ञानावर त्याच विद्यापीठाला प्रबंध वाचायला लावला, ही गोष्ट मला त्यांच्या पदवीइतकीच मोठी वाटते. १९०८ मध्ये तुतेरे वी रेपा हे ओटागोतून डॉक्टर झालेले दुसरे माओरी ठरले.

त्यांनी नेमके काय केले?

बक १९०५ पासून पोमारे यांच्या हाताखाली काम करू लागले. या दोघांच्या कामात औषधांचा वाटा फार कमी होता. तेव्हा प्रतिजैविके नव्हतीच. विषमज्वर म्हणजे टायफॉइड आणि क्षय यांवर खात्रीचे औषध जगात कोणाकडेच नव्हते. म्हणून त्यांनी आजार पसरण्याचे रस्ते बंद करायला घेतले.

टायफॉइडचा जंतू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात किंवा अन्नात जातो आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात. म्हणजे संडास विहिरीपासून व ओढ्यापासून दूर बांधला आणि पाणी झाकून ठेवले की निम्मी लढाई होते. क्षयाचा जंतू खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. माओरींच्या जुन्या पद्धतीच्या झोपण्याच्या घराला बुटके दार आणि एखादीच लहान खिडकी असे. थंडीत तीही बंद, आत शेकोटी आणि ओळीने झोपलेली माणसे. अशा घरात एक जण खोकत असला तर बाकीच्यांचे काय होणार, हे तुमच्या लक्षात येईल. खिडकी मोठी करणे आणि जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांची जमीन घालणे हाच तिथला उपचार होता.

१९०० च्या कायद्याने माओरींच्या स्थानिक परिषदा स्थापन झाल्या होत्या. त्यांना स्वच्छतेचे नियम करण्याचा अधिकार होता आणि गावोगाव माओरी निरीक्षक नेमले गेले. १९०९ पर्यंतच्या सहा वर्षांत राहण्यास अयोग्य अशी १,२५६ घरे पाडली गेली, २,१०३ नवी घरे उभी राहिली आणि हजारावर संडास बांधले गेले. यांतला बराच खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. स्वतःचे घर स्वतःच्या हाताने पाडायला माणूस सहजासहजी तयार होत नाही. सरकारी हुकमाने तर नाहीच.

इथे त्यांचे माओरी असणे कामाला आले. गावाच्या सभास्थानी, म्हणजे माराएवर, आधी रीतीप्रमाणे स्वागत होई. नाकाला नाक टेकवून नमस्कार होई, मृतांची आठवण काढली जाई, वंशावळ सांगितली जाई. मगच भाषण. शिवाय माओरी जीवनात 'तापू' ही एक जुनी कल्पना आहे. जे तापू आहे ते वेगळे ठेवायचे, त्याला शिवायचे नाही. मृतदेह तापू, माणसाचे मस्तक तापू. अन्न आणि शरीराच्या गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. जुन्या टेकडीवरच्या वस्त्यांत शौचाची जागाही कडेला, ठरावीक ठिकाणी असे. आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याची आठवण होईल, पण दोन्ही एकच समजू नका. मुद्दा असा की घाण अन्नापासून दूर ठेवणे ही गोष्ट या लोकांना परकी नव्हतीच. स्थलांतरात आणि गरिबीत जुनी शिस्त विस्कटली होती.

आकेनेही हेई

डॉक्टरांची नावे इतिहासात राहतात, शुश्रूषा करणारी माणसे विसरली जातात. आकेनेही हेई ही ते काहा या गावची माओरी मुलगी. तिने नेपिअरच्या रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले, १९०८ मध्ये तिची नोंदणी झाली, पुढे सुईणीचे शिक्षणही तिने पूर्ण केले. साथ आली की तिला दूरच्या वस्तीत पाठवले जाई. तिथे रुग्णालय कुठले? तंबूत किंवा त्याच घरात टायफॉइडच्या रुग्णांची सेवा करायची आणि नातेवाइकांना शिकवायचे. १९१० मध्ये तिच्या स्वतःच्या घरच्यांना टायफॉइड झाला. त्यांची सेवा करताना तिलाही लागण झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गिसबर्न येथे ती गेली. वय तिशीच्या थोडे पुढे.

प्रशिक्षित परिचारिकेला हे झाले, म्हणून रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. टायफॉइडच्या रुग्णाचे कपडे, भांडे, संडास यांना हात लागला की दर वेळी साबणाने हात धुवा. नुसत्या पाण्याखाली हात धरून काही होत नाही. ताप असताना जो घरात स्वयंपाक करतो त्यानेच शक्यतो रुग्णाची शौचाची कामे करू नयेत. दुसरे माणूसच नसेल, तर हात धुण्यात जराही कसूर नको. ताप उतरल्यावरही काही रुग्णांच्या विष्ठेतून जंतू बरेच दिवस जात राहतात. त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून ही काळजी लगेच सोडू नका आणि प्रतिजैविकाचा डोस पूर्ण करा.

जिथे ते चुकले असे मला वाटते

माओरी समाजात तोहुंगा म्हणजे जाणकार माणूस. त्यांतले काही वनस्पती, मालीश, मंत्र यांनी उपचार करत. काहींना खरेच उपयुक्त ज्ञान होते. पण नव्या आजारांपुढे अनेकांचे उपाय निकामी ठरले आणि काही घातक. तापाने फणफणलेल्या रुग्णाला गार पाण्यात बुडवणे हा त्यांतलाच एक. हे पाहून पोमारे संतापत आणि अशा लोकांवर बंदी हवी, असे त्यांचे मत होते. १९०७ मध्ये तोहुंगांविरुद्ध कायदा झाला.

खटले फार थोडे झाले. परंतु कायद्याने चांगले आणि वाईट एकाच पोत्यात भरले. मुळात डॉक्टर इतके कमी की तोहुंगा सोडून जायचे तरी कुठे? उपचार थांबले नाहीत, ते लपूनछपून होऊ लागले, आणि पुढच्या पिढ्यांना आपल्याच वनौषधींची लाज वाटू लागली. कायदा १९६२ मध्ये रद्द झाला. आता तिथे रोंगोआ या पारंपरिक उपचाराला मान्यता आहे आणि अपघातातील जखमींसाठीची सरकारी विमा योजना २०२० पासून त्याचा खर्चही देते.

डॉक्टर म्हणून मला यातून एक गोष्ट जाणवते. रुग्णाला रागावले की तो काढा, भस्म, गावठी औषध बंद करत नाही, ते आमच्यापासून लपवतो. तसे करू नका. काही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम वाढवतात, काहींनी यकृताला इजा होते. तुम्ही काय घेता ते आम्हाला कळले तरच गोळीचा डोस ठरवता येतो. डॉक्टर रागावले तरी सांगा.

पुढे काय झाले?

यश सरळ रेषेत आले नाही. पैसा कायम अपुरा असे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सुमारे अडीच हजार माओरी दगावले आणि त्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या कितीतरी पट होता. बक पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीपर्यंत जाऊन परतले, १९१९ पासून माओरी आरोग्यखात्याचे प्रमुख झाले आणि नंतर मानववंशशास्त्राकडे वळून हवाईतील बिशप म्युझियमचे संचालक झाले. पोमारे १९११ मध्ये खासदार झाले आणि १९२३ ते १९२६ या काळात साऱ्या न्यूझीलंडचे आरोग्यमंत्री. घोड्याच्या टापेखाली सापडलेला तो मुलगा आता गोऱ्या बाळंतिणींनाही जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रसूतिगृहांच्या मागे लागला होता.

माओरी स्त्रीला डॉक्टर व्हायला मात्र आणखी बराच काळ लागला. ओटागोतून शिकलेल्या रीना मूर या पहिल्या माओरी महिला डॉक्टर. १९४० च्या दशकाअखेरीस त्या पदवीधर झाल्या आणि नेल्सन येथे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले. संपणार म्हटलेला समाज २०२३ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या पुढे आहे. तरीही माओरींचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे सात वर्षांनी कमी आहे, आणि तिथली वैद्यकीय महाविद्यालये माओरी विद्यार्थ्यांसाठी खास प्रवेशमार्ग ठेवतात त्यामागे हेच कारण आहे.

पोमारे यांचा आजार

आयुष्यभर लोकांना खिडक्या उघडायला सांगणाऱ्या पोमारे यांना स्वतःला क्षय झाला. हवापालटासाठी ते कॅलिफोर्नियाला गेले आणि १९३० मध्ये तिथेच वारले. तेव्हा क्षयावर विश्रांती, चांगले अन्न आणि मोकळी हवा एवढेच उपचार होते. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध सापडायला आणखी तेरा वर्षे होती.

आज क्षय झालेल्या बहुतेक रुग्णांना साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे करता येते आणि सरकारी केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणीसाठी सकाळी उठल्यावर खोलवर खोकून आलेला बेडका लागतो, लाळ चालत नाही. निदान झाले तर घरातील लहान मुलांना आणि रुग्णाजवळ झोपणाऱ्यांनाही तपासायला न्या. दोन महिन्यांत बरे वाटू लागते, तेव्हा गोळ्या सोडू नका. आणि डॉक्टर जे सांगतात त्यातले काही समजले नाही, तर खुर्चीवरून उठण्याआधीच विचारा.